‘मग, पार्टी कधी?’ : सहकाऱ्यांना जेवू घालण्यामागचा हिशेब आणि शिष्टाचार

पगाराचा मेसेज मोबाइलवर वाजला की थोड्याच वेळात डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ येऊन पडते : ‘मग, पार्टी कधी?’ नवीन लागलेला पोरगा असो, पर्मनंट झालेला ऑपरेटर असो, नवी गाडी घेतलेला सुपरवायझर असो की घरी बाळ आलेला अकाउंटंट, ओळ तीच. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. ज्याला उद्देशून ती ओळ असते तोही एक इमोजी टाकतो आणि मग हळूच खात्यातली शिल्लक बघतो.

पार्टीला विरोध करायचं कारण नाही. एकत्र जेवल्याने माणसं जवळ येतात, हे सांगायला कोणत्या तज्ज्ञाची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. सहकाऱ्यांना जेवण देणं ही आभार मानायची आपली जुनी पद्धत. ती आता अनेक ठिकाणी वसुली झाली आहे का? आणि झाली असेल, तर ती पुन्हा सरळ कशी करायची?

बारामती-इंदापुरात हा विषय का महत्त्वाचा?

या पट्ट्यात ‘सहकारी’ शब्द उच्चारला की आधी साखर कारखाना आठवतो. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि नीरा भीमा. त्यात बारामती एमआयडीसीची भर पडली. तिथे पियाजिओची तीनचाकी वाहनं तयार होतात, फेरेरोची चॉकलेटं तयार होतात, दूध प्रक्रिया होते, कापडाचं काम चालतं. इंदापूरच्या बाजूला लोणी देवकरची एमआयडीसी आहे, भिगवणला कागद कारखाना आहे. शिवाय बँका, पतसंस्था, शाळा-कॉलेज, दवाखाने, मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं.

आजोबांच्या काळात रानातलं काम भावकीत आणि शेजारपाजारात उरकायचं. त्याच घरातली मुलं आज तीन पाळ्यांमध्ये, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून आलेल्या माणसांसोबत काम करतात. कोणी बीडचा, कोणी बिहारचा, कोणी शेजारच्या वाडीचा. या माणसांशी नातं कसं ठेवायचं याचे नियम घरून मिळालेले नाहीत. ते ग्रुपवरच ठरतात आणि तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

आधी आकडेमोड

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्यात २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात विद्यावेतन ठरलं ते असं : बारावी पास उमेदवाराला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. कंपन्यांमधल्या शिकाऊ उमेदवारांसाठी केंद्राने २०१९ च्या नियम दुरुस्तीत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं होतं.

आता समजा, अशा एका पदवीधर मुलाच्या टीममध्ये त्याच्यासह बारा जण आहेत. पार्टी भिगवणला ठरली, कारण उजनीच्या पाण्यातली मच्छी म्हटलं की पुणे-सोलापूर रस्त्यावर गाड्या आपोआप थांबतात. थाळी २५० रुपयांची धरली तरी ३,००० झाले. कोणी थाळीबरोबर मरळ किंवा वाम वेगळी मागवली, कोणी घरी पार्सल बांधून घेतलं, तर आकडा चार हजारांवर जातो. म्हणजे पहिल्या महिन्याच्या कमाईतला तीस-चाळीस टक्के भाग एका संध्याकाळी संपला. उरलेल्यात खोलीचं भाडं, मेस, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे.

त्याच टेबलावर बसलेल्या सिनिअरसाठी ३,००० रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांचा पगार असू शकतो. बिल एकच, पण ते प्रत्येकाला सारखं जड नसतं. ‘आम्हीपण आमच्या वेळी दिली होती’ म्हणताना ही गोष्ट सुटते.

आपल्याकडे याचा जुना नियम होता

सहकाऱ्यांना जेवू घालणं ही काही कॉर्पोरेट जगाने आणलेली पद्धत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिला नाव होतं : इर्जिक. एखाद्याच्या रानातली नांगरट किंवा काढणी अडली की गावातले शेतकरी आपापले बैल आणि अवजारं घेऊन यायचे आणि दिवसभरात काम उरकून टाकायचे. मजुरी नसायची. ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण. कामाला ताल म्हणून भलरी गायली जायची. ट्रॅक्टर आला तशी इर्जिक मागे पडली, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर बहुतेकांना ती ठाऊक असते.

या पद्धतीत चार गोष्टी नीट बसवलेल्या होत्या. पहिली, आधी काम आणि मग जेवण. म्हणजे जेवणाला कारण होतं. दुसरी, ज्याला मदत मिळाली तो जेवण द्यायचा. मदत करणाऱ्याच्या खिशाला हात लागत नव्हता. तिसरी, घरात जे असेल ते रांधायचं. भाकरी-कालवणावर कोणी नाक मुरडत नसे. चौथी, परतफेड जेवणाने होत नसे, कामाने होई. आज तुम्ही माझ्या रानात आलात, उद्या मी तुमच्या.

आजच्या ‘मग, पार्टी कधी?’ला ही फूटपट्टी लावून बघा. नव्या मुलाला अजून कोणी काही मदत केलेली नाही. सगळ्यांत कमी पैसे त्याला मिळतात. मेनू तो ठरवत नाही. आणि परतफेड म्हणून पुढची पार्टी दुसऱ्या नवख्याच्या गळ्यात पडते. चारही गोष्टी उलट्या झाल्या.

जेवण आणि आभार यांचं नातं

मराठीत जवळच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणायची आपल्याला सवय नाही. ‘आभार मानून परकं करू नका’ असं आपण सहज बोलून जातो. कोणी मदत केली की तोंडाने फार न बोलता आपण म्हणतो, ‘या एकदा घरी जेवायला.’ आभाराचं काम आपल्याकडे ताट करतं. म्हणूनच ते ताट जबरदस्तीने वाढून घेतलं तर नुकसान फक्त पैशाचं होत नाही. कृतज्ञता सांगायची आपल्याकडे जी एक सरळ वाट आहे, तीच खराब होते.

संत तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढीला याच दोन तालुक्यांतून जाते. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. वाटेवरची गावं वारकऱ्यांना जेवू घालतात, तेव्हा नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते : वाढणारा माणूस जेवणाऱ्यापुढे हात जोडतो. जेवणारा आला, यातच त्याला आनंद असतो. हे अन्नदान कोणी ग्रुपवर मागितलेलं नसतं. म्हणून त्यात देणाराही खूश आणि घेणाराही.

ऑफिसच्या पार्टीत एवढी भक्ती आणायची गरज नाही. पण एक कसोटी उचलता येईल : देणारा मनापासून वाढतोय का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते जेवण आभाराचं नाही.

पैसा वरून खाली जावा

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे आणि तो सरकारी नियमातही सापडतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला १४ वा नियम सरकारी कर्मचाऱ्यांच्या सत्कार-समारंभांबद्दल आहे. खासगी, अनौपचारिक स्वरूपाच्या निरोप समारंभाला तो परवानगी देतो. पण त्याच्या टिपेत दोन गोष्टी स्पष्ट मना केल्या आहेत. निरोपाच्या कार्यक्रमाच्या वर्गणीसाठी कोणावर दबाव आणायचा नाही. आणि वरच्या वर्गातल्या कर्मचाऱ्याच्या पाहुणचारासाठी तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करायची नाही.

याच नियमांमधला १३ वा नियम भेटवस्तूंबद्दल आहे. साधं प्रासंगिक जेवण ही भेटवस्तू धरली जात नाही, असं तो सांगतो. मात्र ज्याच्याशी कार्यालयीन व्यवहार आहे त्याच्याकडून भपकेबाज किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असंही बजावतो.

हे नियम केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत. खासगी कंपनीला किंवा दुकानाला ते लागू नाहीत. तरी त्यामागचं शहाणपण सगळीकडे चालण्यासारखं आहे. ज्याचं प्रमोशन, सुट्टी किंवा पाळी दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याचा ‘हो’ कधीच पूर्ण मोकळा नसतो. म्हणून साहेबाने द्यावं, हाताखालच्यांनी खावं. साहेबाच्या वाढदिवसाच्या केकसाठी हेल्परकडून पन्नास रुपये घेणं हे रक्कम लहान असली तरी चुकीचंच.

जेवण देणार असाल तर

*कारण सांगा.* ‘माझ्याकडून पार्टी’ एवढ्यावर थांबू नका. ‘मी नवीन होतो तेव्हा मशीनचं सेटिंग तुम्ही शिकवलंत, म्हणून’ किंवा ‘आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्या पाळ्या तुम्ही केल्यात, म्हणून’ असं एक वाक्य बोला. जेवण दुसऱ्या दिवशी विसरलं जातं, हे वाक्य राहतं.

*पैसे कोण देणार, हे आधी स्पष्ट करा.* ‘जायचं का जेवायला?’ आणि ‘माझ्याकडून जेवायला या’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात वर्गणी गृहीत धरायची, दुसऱ्यात यजमान. गोंधळ बिल आल्यावर होतो, कारण तो निमंत्रण देतानाच झालेला असतो.

*झेपेल तेवढंच.* आपल्याकडे नोकरी लागल्यावर पेढे वाटायची पद्धत आहे आणि ती फार शहाणपणाची आहे. गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना एकेक पेढा. कोणाला जास्त नाही, कोणी वगळलेलं नाही आणि खर्च आवाक्यात. मधल्या सुट्टीत भेळ, थंडीत एखाद्याच्या रानावर हुरडा, उन्हाळ्यात उसाचा रस, हेही जेवणाइतकंच चालतं. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर दिलेल्या पार्टीने कोणाचाच मान वाढत नाही.

*वार आणि माळ बघा.* हा पालखीमार्ग आहे. टीममध्ये माळकरी असतो. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची एकादशी, कोणाचा रोजा. फक्त मच्छी मिळणारं ठिकाण ठरवून माळकऱ्याला ‘तू डाळ-भात खा’ म्हणणं म्हणजे त्याला बोलावून उपाशी ठेवणं. दिवस ठरवण्याआधी सगळ्यांना एकदा विचारा आणि शाकाहारी जेवण वेगळं, नीट बनणारं ठिकाण निवडा.

*वेळ बघा.* रात्री नऊला हायवेच्या ढाब्यावर पार्टी ठरली की टीममधल्या बायका आपोआप गळतात. त्या ‘जमणार नाही’ म्हणतात आणि बाकीचे ‘त्यांना येण्यात रस नाही’ असं समजतात. कंपनीच्या बसने घरी जाणाऱ्या मुलीने रात्री अकराला काय करायचं? दुपारचं जेवण ठेवा, सगळे येतील.

*दारू वेगळी ठेवा.* न पिणाऱ्याने पिणाऱ्याचं बिल भरू नये. यजमानाने ‘जेवण माझं, बाकी ज्याचं त्याचं’ असं आधीच म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, काहींना मागे रिफ्लेक्टरही नसतो. पिऊन मोटरसायकलवर परत येणारा सहकारी ही यजमानाचीही जबाबदारी आहे.

जेवायला जाणार असाल तर

*मेनूची मर्यादा यजमानाकडून समजून घ्या.* तो थाळी मागवतोय तर थाळी मागवा. सगळ्यांत महाग पदार्थावर बोट ठेवणं आणि न विचारता घरी पार्सल बांधणं, दोन्ही नको.

*ताटात टाकू नका.* अन्न वाया न घालवणं हा आभाराचा पहिला भाग आहे. घरातली जुनी माणसं जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात, ते अशाच वेळेसाठी.

*नावं ठेवू नका.* मिठाची चर्चा, ‘त्याने तर यापेक्षा भारी दिली होती’ अशी तुलना, दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये केलेली चेष्टा, हे सगळं यजमानापर्यंत पोचतं.

*नीट आभार माना.* ग्रुपवर अंगठा टाकणं म्हणजे आभार नव्हेत. एक साधं वाक्य पुरतं : ‘काल बरं वाटलं, सगळे बऱ्याच दिवसांनी निवांत बसलो.’ घरी बोलावलं असेल तर ज्यांनी स्वयंपाक केला त्या वहिनींचे, काकूंचे आभार आधी माना. रिकाम्या हाताने जाऊ नका. लहान मुलांसाठी खाऊ न्या.

*परतफेड कामाने करा.* त्याची पाळी अडली तर उभे राहा. त्याला रिपोर्ट जमत नसेल तर शिकवा. इर्जिकेचा चौथा नियम हाच होता. जेवणाच्या बदल्यात जेवण दिलं तर हिशेब मिटतो. मदतीच्या बदल्यात मदत केली तर नातं पुढे चालतं.

बिल आलं की

रेस्टॉरंटच्या बिलावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो, तो द्यावा लागतो. सेवाशुल्क मात्र सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. बिलात ते आपोआप लावलं असेल तर काढायला सांगता येतं. वाढणाऱ्या पोराला टीप द्यायची तर थेट त्याच्या हातात द्या.

वर्गणी असेल तर एकाने बिल भरावं आणि बाकीच्यांनी त्याच रात्री यूपीआयने पैसे पाठवावेत. तीनशे रुपयांसाठी त्याला आठवण करून द्यायला लावणं हे मित्रत्व नव्हे. ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझं तू माझं मी, यात कमीपणा मानायचंही कारण नाही. कोजागरीचं दूध असो की गणेशोत्सव, वर्गणी काढून एकत्र खाणं आपल्याला नवं नाही. फक्त वर्गणी पगाराच्या प्रमाणात असावी. ज्याला जास्त मिळतं त्याने शंभर जास्त टाकावेत आणि ते मोठ्याने सांगू नये.

टेबलावर कोण नाही?

पार्टीचा फोटो स्टेटसला लागतो तेव्हा त्यात कोण नाही, हेही बघावं. कंत्राटी हेल्पर, हाउसकीपिंगच्या मावशी, कॅन्टीनचा मुलगा, कंपनी बसचा ड्रायव्हर. टार्गेट पूर्ण झालं म्हणून पार्टी असेल, तर त्यात त्यांचाही हात होता. ‘ते आपल्या रोलवर नाहीत’ हे एचआरच्या कागदावर ठीक आहे, जेवणाच्या पंगतीत नाही. पंगतीत वाढताना कोणाच्या पायरोलवर आहात असं विचारत नाहीत. सगळ्यांना हॉटेलात नेणं परवडत नसेल, तर हॉटेलाऐवजी सगळ्यांना पुरेल असा वडा-पाव बरा.

‘एवढा विचार केला तर मजाच जाईल’

हा आक्षेप रास्त आहे. मैत्रीत थोडी खेचाखेची चालते. दोन बरोबरीच्या मित्रांनी एकमेकांना ‘पार्टी दे’ म्हणून छळलं तर त्यात गैर काही नाही, कारण दोघंही ‘चल, निघ’ म्हणू शकतात. नवखा मुलगा असं म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे मागितलं की चेष्टेची सक्ती होते.

दुसरा आक्षेप असा की पार्टी दिल्याने नवा माणूस टीममध्ये लवकर मिसळतो. मिसळायला मदत करायची असेल तर पहिलं जेवण टीमने द्यावं. घरी आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी देतो, त्याच्याकडून खाऊची अपेक्षा नंतर. बारा जणांतल्या अकरांनी तीस-तीस रुपये काढले तर पहिल्या दिवशी नव्या मुलाला पोटभर जेवण मिळतं आणि बाकीच्यांना कळतही नाही. त्या मुलाला मात्र ते लक्षात राहील. पर्मनंट झाल्यावर तो स्वतःहून पेढ्यांचा बॉक्स घेऊन येईल. कदाचित भिगवणलाही नेईल.

त्यामुळे सिनिअर मंडळींना एकच विनंती. पुढच्या महिन्यात ग्रुपवर नवं नाव जोडलं गेलं की ‘मग, पार्टी कधी?’ टाइप करण्याआधी थांबा. त्याऐवजी लिहा : ‘उद्या डबा आणू नकोस, आमच्याबरोबर जेव.’